मिडविकेटला धरलेली जागा

१

“प्रीतम, जुना गेम नव्या मशीनवर साफ दिसता काय रे?”

रविवार, दुपारचे चार. दशरथ परबांनी बशीत चहा ओतता ओतता हा प्रश्न टाकला आणि मुलाच्या हातातलं बटर चहातच विरघळलं. बहात्तर वर्षांचा माणूस. उमेदीची वर्षं गिरणीत गेली, संपानंतरची भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर. मोबाइल वाजला तर तो दोन्ही हातांनी धरून कानाला लावणारे हे गृहस्थ नव्या मशीनची चौकशी करायला लागले म्हटल्यावर बटर बुडणारच.

खेळ मात्र त्यांना नवा नव्हता. विमलाबाई, म्हणजे प्रीतमची आई, तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात हार्ट अटॅकने गेली. त्याच वर्षी दशरथांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मुलुंड पूर्वेची बिनलिफ्टची इमारत, तिसरा मजला. म्हातारा दिवसभर भिंतीकडे बघत बसेल, म्हणून प्रीतमने माळ्यावरून आपलं कॉलेजच्या वेळचं गेमचं मशीन काढलं, त्यात क्रिकेटची डिस्क घातली आणि रिमोट बाबांच्या हातात दिला. आठ दिवसांत सुटेल हा नाद, असं सून अक्षता म्हणाली होती. सुटला नाही.

“साफ म्हणजे काय बघायचंय तुम्हाला?”

“सगळाच.”

ताकाला जाऊन भांडं लपवायची बाबांची सवय जुनीच. प्रीतमने जास्त खोदलं नाही. तो सोसायट्यांमध्ये सीसीटीव्ही बसवायचा. महिन्याआड कुठला तरी सेक्रेटरी धूसर रेकॉर्डिंग दाखवून म्हणायचा, चोराचं तोंड जरा मोठं करून द्या. प्रीतमचं उत्तर ठरलेलं असायचं: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेच त्याने बाबांना ऐकवलं. नवं मशीन जुनी डिस्क चालवतं, कडा घासून साफ करतं, खेळ अडखळत नाही, रंग उजळतात. पण जे चित्र डिस्कमध्ये काढलेलंच नाही, ते कुठलंही मशीन काढून देत नाही.

“कडा साफ होतात ना? मग बास. दोरा दिसला म्हणजे झालं.”

“कसला दोरा?”

बाबांनी बशी तोंडाला लावली आणि ती रिकामी झाल्यावरही तशीच धरून ठेवली.

प्रीतमने खिशातून पित्ताची गोळी काढून चघळली. गेले दोन महिने जिने चढला की छातीत जळजळ व्हायची. भर उन्हात शिडीवर उभं राहून दोन वडापावांवर दिवस काढल्यावर दुसरं काय होणार, असं त्याचं म्हणणं होतं. बाबा त्या गोळीकडे बघत होते.

आयुष्यात त्या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. पुढच्या शनिवारी नवं मशीन घरात आलं.

२

फरक पडला, आणि तो प्रीतमने सांगितला होता तेवढाच. खेळाडूंच्या खांद्यांचे करवती दाते गेले. गवत हिरवंगार झालं. चेंडू सरळ रेषेत पळायला लागला. खेळाडूंचे चेहरे मात्र पूर्वीचेच, लाकडी बाहुल्यांसारखे. नव्या मशीनने त्यांची गरिबी जास्त स्वच्छ दाखवली इतकंच. प्रेक्षकांचं तर विचारूच नका. बनवणाऱ्यांनी दहा-बारा माणसांची सपाट चित्रं काढून तीच स्टँडभर चिकटवली होती. षटकार गेला की सगळी पुठ्ठ्याची माणसं एकदम उठायची, हात वर करायची आणि एकदम बसायची.

बाबांची खेळायची तऱ्हा वेगळीच. मैदान तेच, टोक तेच, आणि प्रत्येक चेंडू मिडविकेटवरून उचलायचा. बाद झाले तरी पर्वा नाही.

“अहो बाबा, चौदा रनांत ऑलआउट! टीमची वाट लावलीत तुम्ही,” अक्षता भाजी निवडता निवडता म्हणाली.

“टीम मरूं दे. सिक्स गेला की कॅमेरा वर जाता. तेवढाच होया.”

त्या संध्याकाळी बाबांचा एक चेंडू बसला. कॅमेरा चेंडूमागे वर गेला आणि दोन सेकंद मिडविकेटचा निळ्या खुर्च्यांचा स्टँड पडदाभर पसरला. पुठ्ठे उठले, हात वर झाले. तिसऱ्या रांगेत, पायऱ्यांच्या कडेला, एक हिरवा ठिपका उठला नाही.

प्रीतमने बाबांकडे पाहिलं. ते पुढे वाकले होते, डोळे बारीक करून. मग श्वास सोडून त्यांनी पाठ टेकली.

“अजून नीट नाय दिसूक,” ते स्वतःशीच म्हणाले.

डिस्क सोळा वर्षांची, तिच्यावर ओरखडे. एक चित्र हलायचं राहत असेल. प्रीतमला हे कारण पटलं. रात्री जेवताना मात्र त्याने दोनदा विनाकारण बंद टीव्हीकडे पाहिलं.

३

मंगळवारी मुलुंडमध्येच काम होतं, ते दोनला आटपलं. बाबा आतल्या खोलीत झोपले होते, अक्षता बँकेत. बाहेर दुपारचं लख्ख ऊन, खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या. अशा वेळी माणसाला भीती वाटायचं कारण नाही. प्रीतमने मशीन लावलं.

सातव्या चेंडूला षटकार बसला.

हिरवी साडी होती. मांडीवर पर्स, पर्सवर डावा हात. उजवा हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, आणि त्या खुर्चीत काहीतरी पांढरं. आजूबाजूचे पुठ्ठे सपाट होते. त्या बाईला मात्र सावली होती. चेहरा नेमका पुढच्या पुठ्ठ्याच्या वर झालेल्या हाताआड.

त्याने दहा षटकार मारले. खेळ मध्येच थांबवला तर पडद्यावर मोठी यादी यायची आणि नेमकी तीच रांग झाकली जायची. मोबाइलवर फोटो काढले. त्यात नुसत्या निळ्या-जांभळ्या लाटा आल्या. आडात नाही, आडात नाही, असं तो तोंडाने पुटपुटत होता. मग त्याने आवाज वाढवला.

प्रेक्षकांचा गोंगाटही डिस्कवरचा, तोच तुकडा फिरूनफिरून वाजणारा. नव्या मशीनवर तोही साफ झाला होता. अकराव्या षटकाराला त्या गोंगाटाच्या तळाशी एका बाईचा आवाज होता. चिडलेला नाही, घाबरलेला नाही. रोजचाच, जरा दमदाटीचा.

“इथे बसू नका हां. माणूस येतोय.”

प्रीतमने टीव्हीचं भिंतीवरचं बटणच बंद केलं.

अक्षता आल्यावर त्याने तिला काही न सांगता बाबांचा खेळ बघायला बसवलं. आपण सोडून दुसऱ्या कुणाला दिसतं का, हे त्याला पडताळायचं होतं. तिने षटकार बघितला आणि खांदे उडवले. “मस्त आहे की. गवत काय झकास दिसतंय.” आणि चहा ठेवायला उठता उठता म्हणाली, “ती एक बाई का उठत नाही रे? कंटाळलीय वाटतं बिचारी.”

४

अक्षता खाली दूध आणायला गेली आणि प्रीतम बाबांच्या समोर स्टुलावर जाऊन बसला.

“केव्हापासून बघताय?”

बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. कुणीतरी विचारायची वाटच बघत असावेत.

“गणपतीपासून. जुन्या मशीनवर नुसता हिरवा डाग दिसायचा. पण मी ओळखलं. बायको आहे माझी, डाग झाली म्हणून काय ओळखणार नाय?”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“सांगून काय करणार होतास? डॉक्टरकडे नेलं असतंस माका.”

ते बरोबर होतं.

विमलाबाईची एक ख्याती होती. लग्नाचा हॉल असो, गावची एसटी असो, नाट्यगृहातला हळदीकुंकवाचा कार्यक्रम असो, ती पुढे घुसायची आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकायची. मग कुणी कितीही मोठा माणूस येवो, “इथे बसू नका हां, माणूस येतोय.” लोक भांडायचे, ती हलायची नाही. बापलेकांचे रुमाल सारखेच पांढरे, डझनाने आणलेले. धुण्यात मिसळू नयेत म्हणून तिने कोपऱ्यात दोऱ्याची फुली घातली होती. नवऱ्याला निळी, मुलाला लाल. ती गेल्यावर फुल्या घालणारं कुणी उरलं नाही. जुने रुमाल विरले, त्यांची फडकी झाली.

“स्मशानातला दिवस आठवतो तुला?” बाबांनी विचारलं. “ऊन किती होतं. तिच्या तोंडावर ऊन येत होतं.”

प्रीतमला आठवत होतं. कुणीतरी आईच्या तोंडावर रुमाल टाकला होता. पुढे मंत्र, घाई, माणसं. रुमाल काढायचा राहिला आणि तिच्याबरोबरच गेला.

“जित्या माणसाची वस्तू मेलेल्याबरोबर जावची नाय,” बाबा म्हणाले. “माझी आये सांगायची. मी तीन वर्षं आठवतोय रे. तो रुमाल मी टाकला की तू? माझा होता की तुझा? डोक्यात काय राहिलंच नाय त्या दिवसाचं. आणि आता ती तो खुर्चीवर टाकून बसलीय.”

प्रीतमलाही आठवेना. त्याने तळहाताकडे पाहिलं, जणू तिथे लिहिलेलं असणार.

“बाबा, आई आपलं वाईट कशाला करेल?”

“वाईट? तिच्या मनात येणार नाय असलं. जागा धरायची तिची सवय, तेवढंच. तिला काय ठाऊक, तिथे बसणं म्हणजे काय ते!” त्यांनी चष्मा काढून बनियनला पुसला. “माझा असेल तर मी आनंदाने जाईन रे. पण खरं सांगू? ती माझ्यासाठी कधी जागा धरायचीच नाय. मी मागे भिंतीला टेकून उभा. धरायची ती तुझ्यासाठी.”

मग त्यांनी रिमोट उचलला. प्रीतम टीव्हीच्या इतका जवळ बसला की पडद्याची ऊब गालाला लागत होती. पहिला चेंडू वाया गेला. दुसराही. तिसरा बाबांनी मनगटातून उचलला आणि कॅमेरा वर निघाला.

या वेळी पुढचा पुठ्ठा उठला नाही. रुमाल खुर्चीच्या कडेवरून खाली लोंबत होता. त्याला घड्या होत्या. वाऱ्याने हलला. कोपरा वळला आणि दोन टाक्यांची फुली दिसली, नखाएवढी. आई मान वळवून थेट समोर बघत होती, दारातून येणाऱ्या माणसाकडे बघावं तशी, आणि हसत होती.

फुली लाल होती.

बाबांनी रिमोट हळूच खाली ठेवला. त्यांचा आवाज गिरणीच्या वेळचा झाला. “ऊठ. शर्ट घाल.”

“कशाला?”

“छातीत जळता ना तुझ्या? पित्त नाय ता. ऊठ म्हणतंय ना, मेल्या!”

गुडघे धरून, कठड्याला लोंबकळत, तो म्हातारा तीन मजले उतरला. वर्षभरात पहिल्यांदा.

५

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि प्रीतमला घरी सोडलंच नाही. मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद. छत्तिसाव्या वर्षी, आईकडून आलेलं. अजून पंधरा दिवस गोळ्या चघळत राहिला असतात तर शिडीवरून खाली आणावं लागलं असतं, असं ते म्हणाले. स्टेंट बसला. चार दिवसांनी प्रीतम घरी आला आणि हॉलमधल्या दिवाणावर त्याचं अंथरूण पडलं.

बरं वाटायला हवं होतं. अक्षताला वाटत होतं. ती पुन्हापुन्हा सासऱ्यांच्या पाया पडत होती. पण बाबांचा खेळ थांबला नव्हता. आता ते आवाज बंद करून खेळायचे, दुपारभर. प्रीतमचं अंथरूण अशा बाजूला लावलं होतं की त्याला पडदा दिसू नये. दिसायचा तो फक्त बाबांच्या चष्म्यावरचा उजेड. दर षटकाराला तो निळा व्हायचा, आणि बाबांचे ओठ हलायचे.

“अजून आहे का तो तिथे?” प्रीतमने एकदा विचारलंच.

“तू झोप. औषधाने ती काय उचलणार नाय. तिच्याशी भांडावा लागता.”

प्रीतमला रडू आलं. आपण बरे झालो म्हणून की बाबा काय करतायत ते कळत होतं म्हणून, हे त्याला सांगता आलं नसतं. मशीन बंद कर, असं अक्षताला सांगावं, असं शंभरदा मनात आलं. मग तो रुमाल तिथेच राहील, हेही त्याच्याच मनात यायचं. माणूस जगण्याचा किती लोभी असतो, हे त्याला त्या आठवड्यात कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी औषधाच्या गुंगीत त्याला बाबांचं बोलणं ऐकू आलं. ते कुजबुजत होते, पण नवराबायको कुजबुजतात तसे, लटक्या रागाने.

“इतकी वर्षा उभो रवलंय गो. कधी बोललंय तुका? आता माका बसूक दी. उचल तो. उचल म्हणतंय.”

मग ते हसले. लग्नाच्या हॉलमध्ये ओळखीचं माणूस दिसल्यावर हसावं तसे. प्रीतमला उठायचं होतं. हात उशीवरून हलला नाही. डोळे मिटले.

जाग आली ती शांततेने. घड्याळात सव्वाचार. पडद्यावर बॅट्समन उभा होता, पुढच्या चेंडूची वाट बघत, जागच्या जागी डुलत. कॅमेरा खाली मैदानावर. स्टँड दिसत नव्हता. बाबा खुर्चीत पाठ टेकून बसले होते, रिमोट मांडीवर, एक हात शर्टाच्या खिशावर. इतकं निवांत बसलेलं प्रीतमने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

हात बाजूला केल्यावर खिशात रुमाल सापडला. नवाकोरा, पांढरा, चौकोनी घडीचा. कोपऱ्यात लाल फुली. घरात असा रुमाल उरलाच नव्हता. तो उन्हात वाळत घातल्यासारखा गरम होता, आणि घडीत निळ्या रंगाची एक पापडी अडकली होती, जुन्या लोखंडी खुर्चीची निघते तशी.

अक्षताने तो बघितला आणि तोंडावर हात ठेवला. प्रीतम म्हणाला, “या वेळी बरोबर काही पाठवायचं नाही.” बाबांना न्यायच्या आधी त्याने स्वतः त्यांचे सगळे खिसे दोनदा तपासले.

६

तेराव्यानंतरची एक दुपार. पाहुणे गावी परतले होते. स्वयंपाकघरात अक्षता डबे लावत होती. प्रीतमने नव्या मशीनच्या तारा काढल्या, ते खोक्यात घातलं आणि खोकं माळ्यावर सरकवलं. मग जुनं मशीन पुसून टीव्हीला जोडलं.

“अरे, त्यावर धूसर दिसतं ना?” अक्षताने आतून विचारलं.

“तेवढंच हवंय गं.”

त्याला चेहरे बघायचे नव्हते. दोरे बघायचे नव्हते. एकच गोष्ट बघायची होती, आणि तिच्यासाठी धूसर पुरेसं होतं. कपाटात इस्त्री करून ठेवलेला रुमाल त्याने आधी एकदा हात लावून पाहिला. तो होता.

डिस्क खरखरली, चालू झाली. बाबांचं मैदान, बाबांचं टोक. चार बळी गेले. मग एक चेंडू बसला. करवती कडांचा स्टँड अडखळत वर आला. पुठ्ठे उठले. गोंगाटात नुसता गोंगाट होता, त्याच्या तळाशी कुणीही कुणाला हटकत नव्हतं.

तिसऱ्या रांगेत, पायऱ्यांच्या कडेला, हिरवा डाग. त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर, पांढऱ्या शर्टाचा एक डाग. बाबा बसले होते.

आणि त्यांच्या शेजारची खुर्ची प्रीतमने कॅमेरा खाली येईपर्यंत, पापणी न लवता, पाहून घेतली. ती रिकामी होती. निळी, उन्हात पडलेली, आणि तिच्यावर कुणीही काहीही ठेवलेलं नव्हतं.